मार्जाराच्या पुढील पायाची अस्थिशस्त्रक्रिया व सांध्यांची हालचाल : परळ ते करावे, एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

माणूस आणि प्राणी यांच्या संबंधांचा इतिहास मराठी इतिहासलेखनात तुरळकच आढळतो. जो आढळतो तो प्रामुख्याने घोडा, हत्ती आणि बैल यांचा आहे. युद्ध, राज्यकारभार आणि शेती या तीन क्षेत्रांत या प्राण्यांचे स्थान निर्विवाद असल्याने दप्तरखान्यांत त्यांची नोंद राहिली. मांजर हा प्राणी घरोघरी असूनही त्याची नोंद मात्र क्वचितच घेतली गेली. त्याची किंमत ठरलेली नव्हती, त्याच्यावर कर नव्हता आणि त्याच्या मृत्यूने कोणाचे उत्पन्न बुडत नव्हते.

अशा प्राण्याचा मोडलेला पाय हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत शोधनिबंधाचे उत्तर होकारार्थी आहे. कोणत्या प्राण्याचे हाड सांधायचे आणि कोणत्याचे नाही, हा निर्णय कोणत्याही काळात केवळ वैद्यकीय नव्हता. त्यामागे त्या समाजाची धर्मकल्पना, अर्थव्यवस्था, नगररचना आणि संस्थांची रचना उभी होती. मांजराच्या पुढील पायावरील शस्त्रक्रिया शक्य होईपर्यंतचा प्रवास म्हणूनच मुंबई परिसराच्या सामाजिक इतिहासाचाही एक भाग ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१. मुंबई परिसरातील प्राणी-उपचाराच्या संस्थांचा विकास मांजराच्या दृष्टिकोनातून तपासणे.
२. अस्थिशस्त्रक्रियेच्या तंत्रातील बदल व सांध्यांच्या हालचालीला मिळालेले महत्त्व यांचा मागोवा घेणे.
३. नवी मुंबईतील करावे या गावाच्या परिवर्तनाच्या संदर्भात या ज्ञानाच्या उपलब्धतेचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. शस्त्रक्रियेचे तांत्रिक मार्गदर्शन करणे हा या निबंधाचा हेतू नाही.

सांभाळ आणि उपचार : पांजरपोळाची परंपरा

पश्चिम किनाऱ्यावर आजारी व अपंग प्राण्यांना आश्रय देण्याची परंपरा जुनी आहे. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन प्रकारच्या चिकित्सांचा उल्लेख आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथेही अशोकाचे शिलालेख होते. तथापि, तेथे मिळालेले अवशेष आठव्या व नवव्या लेखांचे आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात राल्फ फिच या इंग्रज प्रवाशाने खंबायत येथील प्राण्यांच्या रुग्णालयांची नोंद केली. त्या नोंदीत लंगड्या कुत्र्यांचा व मांजरांचा स्पष्ट उल्लेख आहे. मांजराच्या अपंगत्वाची दखल घेणाऱ्या या भागातील जुन्या नोंदींपैकी ही एक म्हणता येईल. परंतु येथे लंगड्या प्राण्याला ठेवून घेतले जाई; त्याचा पाय पूर्ववत केला जाई असे त्यातून सिद्ध होत नाही.

मुंबईत या परंपरेला संस्थात्मक रूप मिळाले ते एका संघर्षानंतर. मोकाट कुत्र्यांना मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरपोळाची स्थापना झाली. पांजरपोळाचे तत्त्व प्राण्याचा जीव न घेण्याचे होते. जखमी प्राण्याला अन्न व निवारा मिळे आणि हाड जसे जुळेल तसे जुळे. वाकडे जुळलेले हाड ही त्या व्यवस्थेच्या दृष्टीने उणीव नव्हती, कारण तिची बांधिलकी जिवाशी होती, चालण्याशी नव्हती.

याच काळात ग्रामीण भागात हाडवैदांची परंपरा होती. बांबूच्या कामट्या, कापडाच्या पट्ट्या आणि वनस्पतींचे लेप यांच्या साहाय्याने जनावरांचे पाय बांधले जात. या उपचाराचा लाभ मुख्यतः गाय-बैल, शेळी-मेंढी अशा उपजीविकेच्या प्राण्यांना मिळणे स्वाभाविक होते.

परळ : श्रमाच्या प्राण्याचे वैद्यक

१८७४ हे वर्ष मुंबईच्या प्राणी-इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी मुंबईची संस्था स्थापन झाली. या दोन घटना एकाच वर्षी घडणे हा योगायोग असेल. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच वास्तव होते. वाढत्या औद्योगिक शहराचे ओझे घोडे आणि बैल वाहत होते व त्यांची दुरवस्था रस्त्यावर सर्वांना दिसत होती.

१८८० च्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे त्यांच्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय उभे राहिले. त्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जेम्स हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. त्यांनी कुत्रा, बैल, हत्ती, उंट आणि मेंढी यांच्या रोगांवर स्वतंत्र लेखन केले. या यादीत मांजर नाही.

मांजराच्या या अनुपस्थितीला संस्थात्मक कारणे होती. १८६२ मध्ये पुण्यात सुरू झालेली पशुवैद्यकीय शाळा लष्करासाठी होती. १८७१ चा अहवाल गुरांच्या साथीवर होता. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली व १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे हलवलेली जीवाणू प्रयोगशाळाही प्रामुख्याने जनावरांच्या साथरोगांसाठीच होती. वसाहतकालीन पशुवैद्यकाच्या केंद्रस्थानी लष्कर, महसूल आणि वाहतूक होती. ज्या प्राण्यातून श्रम वा उत्पन्न मिळत नव्हते त्याला या ज्ञानव्यवस्थेत जागा नव्हती. घोड्याचा पाय मोडला तर बहुधा त्याला गोळी घातली जाई, कारण न चालणारा घोडा निरुपयोगी मानला जाई. उपयुक्ततेच्या याच निकषावर मांजराचा विचारच होत नव्हता.

या नियमाला एक अपवाद सापडतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. उंदीर व पिसवा यांच्याद्वारे रोग पसरतो हे स्पष्ट होत गेल्यावर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अँड्र्यू बुकॅनन यांनी वऱ्हाड भागातील निरीक्षणांच्या आधारे मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या मताची वैद्यकीय नियतकालिकांत चर्चा झाली. मांजराला सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत स्थान मिळाले ते असे. परंतु हे स्थानही कामकरी प्राण्याचेच होते. उंदीर मारणारे मांजर मौल्यवान ठरले. आजारी किंवा जखमी मांजर नव्हे.

अस्थिशस्त्रक्रियेच्या तंत्राचा विकास

मांजराच्या हाडावर शस्त्रक्रिया होण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक होत्या. पहिली, वेदनाशून्य निश्चलता. दुसरी, हाड पाहण्याचे साधन. आणि तिसरी, हाड आतून वा बाहेरून धरून ठेवणारा धातू.

१८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर सुरू झाला. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. स्टाइनमन यांची पिन १९०७ मध्ये व किर्शनर यांची तार १९०९ मध्ये पुढे आली. जर्मन शल्यविशारद गेरहार्ड कुंचर यांनी १९३९ मध्ये हाडाच्या पोकळीत खिळा बसवून मांडीचे हाड स्थिर केले. माणसांसाठी विकसित झालेली ही साधने लहान आकारात प्राण्यांकडे आली.

तथापि, ज्ञानाचा प्रवाह केवळ माणसाकडून प्राण्याकडे वाहिला असे मानणे चुकीचे ठरेल. अमेरिकेतील पशुवैद्य ओटो स्टेडर यांनी १९३० च्या दशकात कुत्र्यांसाठी एक बाह्य आधार-यंत्रणा तयार केली. हाडाच्या दोन्ही तुकड्यांत पिना घालून त्या त्वचेबाहेर दांड्याने जोडल्या जात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने ही यंत्रणा जखमी सैनिकांसाठी वापरली. प्राण्याच्या वेदनेतून जन्मलेले तंत्र अशा प्रकारे माणसाच्या उपयोगी पडले.

१९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये अस्थिस्थिरीकरणाचा अभ्यास करणारा एओ हा शल्यविशारदांचा गट स्थापन झाला व १९६९ मध्ये त्याची पशुवैद्यकीय शाखा सुरू झाली. या गटाने मांडलेली चार तत्त्वे पुढे सर्वमान्य झाली. हाडाची मूळ रचना साधणे, भक्कम स्थिरीकरण, रक्तपुरवठ्याचे रक्षण आणि अवयवाची लवकर हालचाल ही ती तत्त्वे होत. यातील चौथे तत्त्व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

मांजराच्या पुढील पायाचे वेगळेपण

पुढील पायाची मांजरातील रचना कुत्र्याहून काही बाबतींत भिन्न आहे. मांजराचे हंसळीचे हाड अतिशय लहान असून ते इतर हाडांशी सांध्याने जोडलेले नसते. पुढचा पाय धडाला स्नायूंच्या झोळीने जोडलेला असतो. त्यामुळे अरुंद फटीतून शरीर काढणे व उडी मारून उतरताना धक्का शोषणे मांजराला शक्य होते.

दंडाच्या हाडात, म्हणजे ह्यूमरसमध्ये, कोपराच्या वरच्या बाजूस एक छिद्र असते. त्यातून एक प्रमुख नस व रक्तवाहिनी जाते. कुत्र्यात असे छिद्र नसते. कुत्र्यावर शिकलेले तंत्र मांजरावर जसेच्या तसे वापरल्यास पिन किंवा स्क्रू बसवताना या नसेला इजा होण्याचा धोका राहतो. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, हे पशुवैद्यकातील प्रचलित वाक्य येथे शब्दशः लागू पडते.

कोपराखालील रेडियस व अल्ना या दोन हाडांची परस्परांभोवती फिरण्याची क्षमता मांजरात कुत्र्यापेक्षा अधिक असते. पंजा आत-बाहेर वळवणे, भक्ष्य धरणे, झाडावर चढणे आणि तोंड धुणे या क्रिया या फिरण्यावर अवलंबून असतात. अस्थिभंगानंतर ही दोन हाडे एकमेकांना चिकटून जुळली तर क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसते आणि मांजर चालतेही. परंतु पंजा वळत नाही. हाड बरे झाले, पण मांजर बरे झाले नाही, अशी ही अवस्था असते.

प्लास्टरचा मार्ग येथे अपुरा पडतो. मोडलेल्या हाडाच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे स्थिर करणे हा प्लास्टरचा नियम आहे. दंडाच्या हाडाबाबत खांदा बांधणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय मांजराचा पाय निमुळता व त्वचा सैल असल्याने पट्टी निसटते. दीर्घकाळ बांधून ठेवलेला सांधा आखडतो, कारण सांध्यातील कूर्चेचे पोषण सांध्यातील द्रवातून व हालचालीतून होते. म्हणजे हाड जुळवण्यासाठी जी निश्चलता उपकारक, तीच सांध्याला अपायकारक ठरते. हाड आतून पक्के धरून सांधा मोकळा ठेवणे हा या पेचावर शस्त्रक्रियेने शोधलेला उपाय होय.

यशाच्या कसोटीतील बदल

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शस्त्रक्रियेचे यश मुख्यतः हाड जुळण्यावरून ठरवले जाई. सांध्याची हालचाल मोजण्याकडे लक्ष पुढे वळले. कोनमापकाने मांजराच्या सांध्यांचे मोजमाप कितपत विश्वसनीय ठरते, याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ वर्षांवरील १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांपैकी ९० टक्क्यांत सांध्यांच्या झिजेची चिन्हे आढळली. मांजर लंगडत नाही म्हणून त्याचे सांधे निरोगी आहेत, हा समज यामुळे मोडीत निघाला. मांजर वेदना लपवते. ते उंच कट्ट्यावर उडी मारणे सोडते, कमी हिंडते आणि पाहणारा त्याला वयाचा परिणाम समजतो.

वेदनाशमनाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. वेदना असलेला सांधा प्राणी हलवत नाही. परंतु माणसांच्या घरात सर्रास असणारे पॅरासिटामॉल मांजराला विषारी आहे, कारण त्याचे विघटन करण्याची यकृताची क्षमता मांजरात अत्यल्प असते. मांजरासाठी सुरक्षित वेदनाशामके उपलब्ध होणे हा त्यामुळे अस्थिशस्त्रक्रियेच्या इतिहासाचाच एक भाग मानावा लागतो.

याच पायावरील एका वेगळ्या शस्त्रक्रियेचा उल्लेख येथे आवश्यक आहे. घरातील सामानाचे रक्षण व्हावे म्हणून काही पाश्चात्त्य देशांत मांजरांची नखे बोटाच्या शेवटच्या हाडासह काढून टाकली जात. १९८७ च्या युरोपीय पाळीव प्राणी संरक्षण कराराने या प्रथेला मनाई केली व अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली. एकाच पायावर एक शस्त्रक्रिया प्राण्याची हालचाल परत मिळवून देते, तर दुसरी माणसाच्या सोयीसाठी ती कमी करते. शस्त्रक्रियेचे मूल्य तिच्या कौशल्यात नसून ती कोणासाठी केली जाते यात आहे, हे यावरून दिसून येते.

करावे : जमिनीवरून उंचीकडे

करावे हे नेरूळ-सीवूड्स परिसरातील आगरी-कोळी वस्तीचे मूळ गाव. खाडी, मासेमारी आणि शेती हे त्याच्या जीवनाचे आधार होते. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि या परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्यात आल्या. जानेवारी १९८४ मधील जासई-दास्तान येथील आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले व पुढे साडेबारा टक्के भूखंडाच्या योजनेचा मार्ग मोकळा झाला. १९९२ मध्ये नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. आज कराव्याच्या गावठाणात गरजेपोटी बांधलेली दाटीवाटीची घरे आहेत आणि सभोवती पाम बीच मार्गालगतच्या उंच इमारती आहेत. टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था व तिच्या नावाने ओळखली जाणारी, रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेली पाणथळ जागा याच परिसरात आहे.

माणसांच्या विस्थापनाचा हा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. प्राण्यांच्या जीवनात झालेला बदल मात्र दुर्लक्षित राहिला. मासळीच्या गावातील मांजर जमिनीवर, ओट्यावर आणि कौलांवर वावरणारे होते. उंच इमारतीत पाळलेले मांजर खिडकी, सज्जा आणि वातानुकूलन यंत्राच्या कट्ट्यावर वावरते, तर गावठाणाबाहेरचे मांजर वेगवान वाहनांच्या रस्त्यावर येते. पडणे आणि वाहनाची धडक ही मांजरांच्या अस्थिभंगाची दोन प्रमुख कारणे जगभर नोंदली गेली आहेत. नगररचनेने या दोन्हींची परिस्थिती येथे निर्माण केली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पडणाऱ्या मांजराने शास्त्रज्ञांना पूर्वीपासून आकर्षित केले आहे. १८९४ मध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी पडणारे मांजर हवेत कसे वळते याची छायाचित्रमालिका सादर केली. १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचारासाठी आणलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली आणि सातव्या मजल्यापेक्षा उंचावरून पडलेल्यांना तुलनेने कमी अस्थिभंग झाले, असा त्याचा बहुचर्चित निष्कर्ष होता. २००४ मध्ये झाग्रेब येथील ११९ मांजरांच्या अभ्यासात मात्र सातव्या किंवा त्यावरील मजल्यांवरून पडलेल्यांच्या इजा अधिक गंभीर आढळल्या.

इतिहासाच्या अभ्यासकाला या विसंगतीत साधन-चिकित्सेचा परिचित प्रश्न दिसतो. रुग्णालयाची नोंद ही रुग्णालयात पोहोचलेल्यांचीच असते. पडून जागीच मेलेले मांजर दप्तरात येत नाही. ज्याला पालक नाही तेही येत नाही. दप्तरखान्यात गरिबांचा इतिहास सापडत नाही, याची चर्चा इतिहासलेखनात झाली आहे. मोडलेल्या पायांच्या दप्तरातही पालक नसलेला प्राणी सापडत नाही. कराव्यातील घाटावर वा मासळी बाजारात तीन पायांवर चालणारे मांजर हा त्या न झालेल्या नोंदीचा एकमेव पुरावा असतो.

उपचारांच्या उपलब्धतेत भूगोलाचा वाटाही मोठा आहे. परळचे रुग्णालय व महाविद्यालय खाडीपलीकडे आहे. टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांसाठीचे आधुनिक रुग्णालय सुरुवातीला नवी मुंबईतील कळंबोली येथे नियोजित होते. आणीबाणीच्या वेळी मुंबईकरांना एवढे अंतर गाठणे अवघड जाईल, या विचाराने ते पुढे महालक्ष्मी येथे उभारण्यात आले व २०२४ मध्ये सुरू झाले. मुंबईकरांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु अंतराचा तोच युक्तिवाद कराव्याच्या बाजूने उलट दिशेने लागू होतो. अस्थिभंग झालेल्या सांध्यासाठी पहिले काही दिवस निर्णायक असतात. उशीर झाला की तुकडे चुकीच्या जागी धरू लागतात, स्नायू आखडतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते.

निष्कर्ष

१. मुंबई परिसरात मांजराच्या उपचारामागील भूमिका तीन टप्प्यांत बदलली. पांजरपोळाने त्याचा जीव राखला, वसाहतकालीन पशुवैद्यकाने त्याला जवळजवळ वगळले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाळीव प्राणी म्हणून ते शस्त्रक्रियेस पात्र ठरले.

२. शस्त्रक्रियेच्या यशाची कसोटी हाड जुळण्याकडून सांध्याच्या हालचालीकडे सरकली. हा बदल तांत्रिक दिसत असला तरी त्यामागे प्राण्याच्या जगण्याचा विचार आहे. मांजराने जगणे पुरेसे नसून त्याने चढावे, वळावे व स्वतःला स्वच्छ ठेवावे, ही अपेक्षा नवी आहे.

३. पात्रतेचा निकष मात्र पूर्णपणे बदललेला नाही. पूर्वी श्रम हा निकष होता. आज मालकी हा आहे. ज्याला पालक आहे त्याचा पाय सांधला जातो. कराव्यासारख्या गावात जिथे मांजर एका घराचे नसून आळीचे असते, तिथे हा निकष अपुरा पडतो.

४. पांजरपोळाकडे करुणा होती, पण तंत्र नव्हते. आधुनिक रुग्णालयाकडे तंत्र आहे, पण त्याची पोहोच मर्यादित आहे. या दोन परंपरांचा मेळ घालणारी स्थानिक व्यवस्था उभी करणे महानगरपालिका, पशुवैद्यकीय महाविद्यालये व स्वयंसेवी संस्था यांना अशक्य नाही. जखमी प्राण्यांची वॉर्डनिहाय नोंद ठेवणे हे त्या दिशेने टाकलेले पहिले पाऊल ठरू शकेल. ज्याची नोंद होते त्याचाच विचार होतो, ही गोष्ट इतिहासाने पुन्हा पुन्हा दाखवून दिली आहे.